मोटर नक्की कुठे आहे? जॉग पॅनेलच्या नोंदी

४ फेब्रुवारी

छोट्या मिलिंग मशीनच्या टेबलाला हाताने फिरवायचं चाक होतं, ते काढून त्या जागी नेमा १७ स्टेपर (ठरावीक छोट्या पायऱ्यांनी, म्हणजे स्टेपने, फिरणारी मोटर) बसवून झाली. आता दोनच गोष्टी हव्यायत, टेबल कुठे आहे ते स्क्रीनवर दिसायला हवं आणि बटण दाबून ते हवं तितकं सरकवता यायला हवं (यालाच जॉग म्हणतात). पूर्ण प्रोग्रॅम चालवणं वगैरे नंतर, कारण या दोन गोष्टी पक्क्या नसतील तर पुढचं काही करण्यात अर्थ नाही.

कंट्रोलर म्हणून टीएमसी ५१६० ही मोटर चालवणारी चिप घेतलीये. यात रॅम्प, म्हणजे वेग चढवण्या-उतरवण्याचा आराखडा, चिपच्या आतच तयार होतो, मायक्रोकंट्रोलरला (पॅनेल चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला) एकेक पल्स पाठवत बसावं लागत नाही, आपण टार्गेट आणि वेग लिहायचा आणि वेग वाढवणं, कमी करणं, थांबणं सगळं चिप बघते. पोझिशनही तीच मोजते, एक्स-ॲक्च्युअल नावाच्या ३२ बिटच्या रजिस्टरमध्ये (चिपमधली आकडा ठेवायची जागा). एसपीआयवर (चिपशी बोलायच्या वायरींवर) मोड ३ लावून ४० बिटचं पॅकेट पाठवायचं, पहिला बाईट पत्ता, पुढचे चार बाईट डेटा. एक्स-ॲक्च्युअलचा पत्ता हेक्स २१.

वाचलं, आकडा आला, मोटर हलवली तर आकडा हलला, मस्त वाटलं. मग शेजारचं वेगाचं रजिस्टर (हेक्स २२) पण वाचायला घेतलं आणि सगळं उलटंपालटं झालं, पोझिशन मागितली की वेग येतोय आणि वेग मागितला की पोझिशन. तासभर वायरी तपासल्या. वायरींचा काही दोष नव्हता, या चिपचं उत्तर एक पाऊल मागे असतं, म्हणजे आत्ता जे पॅकेट पाठवलं त्याच्यासोबत परत येतो तो आधीच्या पॅकेटमध्ये मागितलेला डेटा. म्हणून तोच पत्ता दोनदा पाठवायचा आणि दुसऱ्या वेळी आलेलं खरं मानायचं.

यात मला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. एकच रजिस्टर वाचत होते तोवर आकडा बरोबरच वाटत होता, फक्त तो मागच्या वाचनाचा होता. दुसरं रजिस्टर वाचलं नसतं तर हे कधी कळलंच नसतं.

५ फेब्रुवारी

हिशोब मांडून ठेवते, परत परत लागणार आहे. मोटर १.८ अंशाची म्हणजे फेरीला २०० स्टेप, चिप आत एका स्टेपचे २५६ बारीक भाग, म्हणजे मायक्रोस्टेप, करून मोजते, म्हणजे फेरीला ५१२००. लीड स्क्रू, म्हणजे टेबल सरकवणारा स्क्रू, एका फेरीत ८ मिमी पुढे जातो. ५१२०० भागिले ८ म्हणजे ६४०० मायक्रोस्टेप म्हणजे १ मिमी. ०.०१ मिमीला बरोब्बर ६४, हे फार सोयीचं पडलं.

वेगाचं एकक विचित्र आहे, चिपच्या क्लॉकवर अवलंबून. व्ही-मॅक्समध्ये (किती वेगाने जायचं ते सांगणारं रजिस्टर) लिहिलेला आकडा गुणिले क्लॉक भागिले २ चा २४ वा घात, म्हणजे आतलं साधारण १२ मेगाहर्ट्झचं क्लॉक धरलं तर आकड्याला ०.७१५ ने गुणलं की सेकंदाला किती मायक्रोस्टेप ते मिळतं. सेकंदाला २० मिमी हवे तर १२८००० मायक्रोस्टेप, म्हणून व्ही-मॅक्स १७८९५७. आतलं क्लॉक अगदी अचूक नसतं त्यामुळे वेग थोडा इकडे-तिकडे होईल, पण पोझिशन मोजून ठरते, तिच्यावर याचा परिणाम नाही.

प्रत्यक्ष वेगाचं रजिस्टर (ते हेक्स २२ वालं) २४ बिटचं आहे आणि त्यात चिन्ह असतं. टेबल मागे सरकवलं की स्क्रीनवर एक कोटी सदुसष्ट लाखांच्या आसपासचा आकडा यायला लागला, कारण वरचे आठ बिट मी शून्यच ठेवले होते. तेविसावा बिट १ असेल तर वरचे आठही १ करायचे, झालं.

८ फेब्रुवारी

आज बटणं जोडली. सगळ्यात सरळ पद्धत वापरली, बटण दाबलं की रॅम्पमोड (चिपने कसं चालायचं ते ठरवणारं रजिस्टर) १, उलट्या दिशेला २, म्हणजे वेगाचा मोड, सोडलं की व्ही-मॅक्स शून्य.

चाललं, पण बटण सोडल्यावर टेबल थांबतच नाही असं वाटलं. स्केल लावून मोजलं तर जवळजवळ ४ मिमी पुढे जातंय. मग हिशोब केला. ए-मॅक्स, म्हणजे प्रवेगाचं रजिस्टर, ५००० ठेवला होता, त्याचं प्रवेगात रूपांतर केलं तर ५१ मिमी प्रति सेकंद प्रति सेकंद एवढं येतं, आणि २० मिमीच्या वेगावरून थांबायला लागणारं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले प्रवेगाची दुप्पट, ४०० भागिले १०२, ३.९ मिमी. मशीन अगदी सांगितल्याप्रमाणे वागत होतं. हे गणित मी आधी केलं नव्हतं कारण डोक्यात असं होतं की बटण सोडलं म्हणजे थांबलं. टूल आणि जॉबमध्ये (कापायच्या तुकड्यात) २ मिमी राहिलेत म्हणून कोणी बटण सोडलं तर टूल जॉबमध्ये घुसणार, म्हणून जॉगचा वेग ठरवताना आधी थांबायचं अंतर ठरवायचं आणि वेग त्यावरून काढायचा असं इथून पुढे.

ए-मॅक्स चढवून ६०००० केला, रजिस्टर १६ बिटचं आहे त्यामुळे वर फारशी जागा उरली नाही. आता थांबायचं अंतर ०.३३ मिमी. बटण सोडताक्षणी जागच्या जागी थांबतंय, फार छान वाटतंय हाताला.

९ फेब्रुवारी

आजचा प्रकार लिहून ठेवायलाच हवा.

बटणाने टेबल साधारण ६० मिमी पुढे नेलं, मग ०.१ मिमीच्या छोट्या क्लिकसाठी रॅम्पमोड ० म्हणजे पोझिशनचा मोड लावला, आणि टेबल ०.१ सरकायच्या ऐवजी धाडकन मागे पळत सुटलं, थेट शून्यापर्यंत. कारण साधं आहे. वेगाच्या मोडमध्ये चिप एक्स-टार्गेटकडे (कुठे पोचायचं ते सांगणाऱ्या रजिस्टरकडे) बघतच नाही, तिथे जुनं टार्गेट, माझ्या बाबतीत शून्य, तसंच पडून असतं, आणि पोझिशनचा मोड लागला की चिप पहिल्यांदा ते गाठायला निघते. मी क्लिकचं नवं टार्गेट मोड बदलल्यावर लिहीत होते, तेवढ्या वेळात ती निघालेली होती, आणि वर नवं टार्गेट मी जुन्या टार्गेटमध्ये ०.१ मिळवून काढलं होतं, म्हणजे ते पण चुकीचंच.

क्रम असा हवा: आधी पूर्ण थांबू द्या, वेग शून्य झाल्याचा बिट बघा, मग एक्स-ॲक्च्युअल वाचून तोच आकडा एक्स-टार्गेटमध्ये लिहा, आणि त्यानंतरच मोड बदला. अजून एक, पोझिशनच्या मोडमध्ये डी-१ रजिस्टर (वेग उतरवण्याचा एक आकडा) शून्य ठेवायचं नसतं, व्ही-१ (रॅम्पमधला मधला वेग) वापरत नसलो तरी.

टेबलावर काही नव्हतं म्हणून काही मोडलं नाही. पण माझा हात तिथेच होता, जॉग करताना हात नेहमी तिथेच असतो.

१० फेब्रुवारी

कालच्या प्रकारानंतर मुद्दाम वाईटात वाईट करून बघायचं ठरवलं. बटण दाबून धरलं आणि टेबल चालत असताना मायक्रोकंट्रोलरची यूएसबी केबल ओढली. स्क्रीन विझली, पॅनेल मेलं, आणि टेबल चालतच राहिलं, टोकाला जाऊन आपटलं आणि मोटर घुं घुं करत बसली, शेवटी मोटरचा पॉवर सप्लाय बंद केला तेव्हा शांत झाली.

रॅम्प चिपच्या आत आहे हे मी पहिल्या दिवशी कौतुकाने लिहिलंय, त्याची ही दुसरी बाजू. वेगाच्या मोडमध्ये तिला "चाल" एवढंच सांगितलेलं असतं, कुठपर्यंत ते नाही. तिचा पॉवर वेगळा, ती जिवंत, थांब म्हणणारं कोणी उरलं नाही.

वॉचडॉग लावायचा विचार केला पण वॉचडॉग प्रोग्रॅम अडकला की मायक्रोकंट्रोलरला रीसेट करतो, केबलच निघाली तर तो पण गेला. म्हणून जॉगमधून वेगाचा मोडच काढून टाकला. आता बटण दाबलेलं असेपर्यंत दर ५० मिलिसेकंदांनी एक्स-टार्गेट थोडं पुढे लिहायचं, आत्ताच्या पोझिशनच्या फक्त काही मिमी पुढे. पॅनेल जिवंत आहे तोवर टार्गेट पुढे पुढे सरकत राहतं, पॅनेल गेलं की चिप शेवटच्या टार्गेटवर जाऊन आपोआप थांबते. आणि टार्गेट लिहिताना ते ० ते १८० मिमीच्या बाहेर जाऊच द्यायचं नाही, म्हणजे सॉफ्टवेअर लिमिटही त्यातच आली.

किती पुढे ठेवायचं? ५० मिलिसेकंदांत २० मिमीच्या वेगाने १ मिमी जातो, अधिक थांबायचं अंतर. त्याहून कमी ठेवलं तर चिप दर वेळी वेग कमी करायला लागते आणि टेबल धक्के खात चालतं. सध्या २.५ मिमी.

केबल ओढायची टेस्ट परत केली, दहा वेळा. दहाही वेळा २.५ मिमीच्या आत थांबलं.

११ फेब्रुवारी

बटण सोडल्यावर एक्स-ॲक्च्युअल वाचून ते टार्गेटमध्ये लिहीत होते, तर टेबल जरासं पुढे जाऊन परत मागे येत होतं. येणारच, लिहिताना ते चालत होतं, जागच्या जागी थांबू शकत नाही, मग पुढे जाऊन परत त्या आकड्यावर येतं. आता सोडल्यावर व्ही-स्टार्ट (सुरुवातीचा वेग) आणि व्ही-मॅक्स शून्य करते, वेग शून्य झाला की मग पोझिशन टार्गेटमध्ये लिहिते आणि व्ही-मॅक्स परत भरते.

टेबल टोकाला पोचलं की दाबले जाणारे लिमिट स्विचही आज लावले, नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेले, दाबल्यावर तुटणारे), म्हणजे वायर तुटली तरी चिपला स्विच दाबल्यासारखंच वाटेल आणि ती थांबेल. चिपच्या आतूनच थांबवायची सोय चालू केलीये, त्यात मायक्रोकंट्रोलरचा संबंध नाही.

१४ फेब्रुवारी

क्लिकचं काम. ०.०१, ०.१ आणि १ मिमीचे क्लिक ठीक चालले. मग उगाच ०.००१ चा पण ठेवला आणि त्यातून एक चूक सापडली ती महत्त्वाची आहे. ०.००१ मिमी म्हणजे ६.४ मायक्रोस्टेप, पूर्णांकात ६. दर क्लिकला ०.४ गळतात. १००० क्लिकनंतर स्क्रीनवर माझ्या हिशोबाने १ मिमी, खरे मायक्रोस्टेप मात्र ६०००, म्हणजे ०.९४ मिमी. म्हणून टार्गेट मायक्रॉनमध्ये पूर्णांकात साठवायचं, क्लिक त्याच्यात मिळवायचा, आणि दर वेळी पूर्ण बेरजेचं मायक्रोस्टेपमध्ये रूपांतर करायचं. असं केलं की राउंडिंगची चूक फार तर अर्ध्या मायक्रोस्टेपची राहते, साठत नाही.

तसंच नवा क्लिक टार्गेटमध्ये मिळवायचा, आत्ताच्या पोझिशनमध्ये नाही. पटापट पाच क्लिक केले आणि मोटर अजून दुसऱ्यावरच असेल तर पोझिशनमध्ये मिळवून मधले क्लिक हरवतात.

हँडव्हील पण जोडलं, फेरीला १०० क्लिकवालं. त्यात याच्या उलटं होतं, जोरात फिरवलं की टार्गेट खूप पुढे जाऊन बसतं आणि हात थांबल्यावरही टेबल दोन-तीन सेकंद चालत राहतं. हात थांबला की टेबल थांबलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, म्हणून हँडव्हीलला टार्गेट जास्तीत जास्त १ मिमी पुढे जाऊ देते, वरचे क्लिक सोडून देते. क्लिक हरवले तर चालतील, स्क्रीनवर खरी पोझिशन दिसतेच आहे.

१८ फेब्रुवारी

इतके दिवस मी "खरी पोझिशन" म्हणत होते, आज डायल गेज (टेबल प्रत्यक्षात किती हललं ते सुईने दाखवणारं) लावलं.

पहिली टेस्ट, एका दिशेने ०.०१ चे क्लिक. सुई दर क्लिकला सरकते, थोडी असमान पण सरकते. ०.०१ म्हणजे पाव स्टेप आणि तेवढ्याला मोटरचा जोर होल्डिंग टॉर्कच्या (उभी असताना धरून ठेवायच्या पूर्ण जोराच्या) साधारण ३८ टक्के मिळतो. ०.००५ ला तो १९-२० टक्क्यांवर येतो, तिथे सुई एखाद्या क्लिकला हलत नाही आणि पुढच्याला उडी मारते. एका मायक्रोस्टेपला तर जेमतेम ०.६ टक्के. २५६ मायक्रोस्टेप म्हणजे तेवढी अचूकता असं समजणाऱ्यांनी ही सुई एकदा बघावी. ०.००१ चा क्लिक आजच काढून टाकला, ज्या हालचालीची खात्री नाही तिचं बटण पॅनेलवर नको.

दुसरी टेस्ट, दिशा बदलून. पहिले सात क्लिक सुई ढिम्म, आठव्याला हलली. ०.०७ चा बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना नटात असलेला मोकळा खेळ. दर वेळी तेवढाच येतो.

तिसरी टेस्ट म्हणजे बटणाने पूर्ण वेगात १०० मिमी पुढे-मागे वीस फेऱ्या, सुरू-बंद करत, आणि परत त्याच जागी त्याच दिशेने. स्क्रीनवर ०.००, डायलवर ०.३२ चा फरक. परत केलं, आता ०.१६. परत, ०.४८.

हे आकडे बघून मी कागद घेऊन बसले, कारण बॅकलॅश असा वागत नाही. स्टेपरचं विजेचं चक्र चार पूर्ण स्टेपचं असतं, रोटर घसरला तर तो पुढच्या चक्रात जाऊन त्याच अवस्थेत परत पकडला जातो, म्हणजे घसरण नेहमी चार स्टेपच्या पटीतच. चार स्टेप म्हणजे ७.२ अंश, माझ्या स्क्रूवर ०.१६ मिमी. ०.१६, ०.३२, ०.४८. एवढ्या स्वच्छ पटीत आल्यावर शंकाच उरली नाही, स्टेप सुटतायत, आणि त्याही ८ तारखेला मी ए-मॅक्स ६०००० केला त्यामुळे. टेबल जड आहे आणि मोटरचा करंट मी कमीच ठेवला होता.

एक्स-ॲक्च्युअल हे सगळं होत असताना बिनचूक होतं, कारण ते मोजतं चिपने काय सांगितलं ते. रोटरने ऐकलं की नाही हे त्याला कळायला मार्गच नाही. इतके दिवस मी स्क्रीनवर वर "पोझिशन" असं लिहिलं होतं, ते आज बदलून "दिलेली पोझिशन" केलं.

ए-मॅक्स २००००, रनिंग करंट थोडा वाढवला. थांबायचं अंतर ०.९८ मिमी झालं, १ मिमीच्या आत, चालेल. टार्गेट २.५ मिमी पुढे ठेवलंय ते १ अधिक ०.९८ ला पुरतं. वीस फेऱ्यांच्या तीन टेस्ट परत केल्या, डायलचा फरक ०.०१ च्या आत.

१९ फेब्रुवारी

चालताना स्क्रीनवरचे शेवटचे दोन आकडे नुसते भिरभिरतात. दोन वाचनांच्या मध्ये १ मिमी निघून जातो, तिथे दशांशाचे आकडे दाखवणं म्हणजे चुकीची माहिती देणं. आता टेबल चालताना पूर्ण मिमी, थांबलं की दोन दशांश.

२२ फेब्रुवारी

मोटरचा सप्लाय क्षणभर गेला आणि आला, पॅनेल यूएसबीवर असल्यामुळे चालूच. स्क्रीनवर ०.००. टेबल प्रत्यक्षात ११३ वर उभं.

चिप रीसेट झाली की एक्स-ॲक्च्युअल शून्य होतं, आणि शून्य हा अगदी खराखुरा दिसणारा आकडा आहे. सुदैवाने एसपीआयच्या प्रत्येक उत्तराचा पहिला बाईट स्टेटसचा असतो आणि त्याचा सगळ्यात खालचा बिट रीसेट झाल्याचं सांगतो, मी तो बाईट इतके दिवस फेकून देत होते. आता तो दर वाचनाला तपासते, तो लागला की स्क्रीनवर आकड्याऐवजी नुसत्या आडव्या रेघा, वेग सेकंदाला २ मिमीच, आणि होमिंग (स्विचपर्यंत जाऊन शून्याची जागा परत ठरवणं) केल्याशिवाय ठरावीक आकड्यावर जाण्याची सोय बंद. लिमिट स्विच लागला तरी हेच, कारण चिप तिथे एकदम थांबवते आणि त्यात स्टेप सुटू शकतात.

पॅनेल सुरू केल्यावरही रेघाच. आधी ०.०० दाखवत होते, ते कोणाच्याही डोळ्याला "शून्यावर आहे" असंच वाटणार.

२६ फेब्रुवारी

होमिंग. भरभर स्विचपर्यंत, मागे, मग हळू परत, स्विच लागला त्या क्षणाची पोझिशन चिप एक्स-लॅचमध्ये पकडते. पाच वेळा केलं, डायलवर ०.०२ मिमीच्या आत येतं. साध्या मायक्रोस्विचसाठी ठीक, पण क्लिक ०.०१ चा आणि होम ०.०२ ने हलणारा हे मनाला पटेना.

यावर उपाय चिपमध्येच होता. एमएस-काउंट नावाचं रजिस्टर मोटर विजेच्या चक्रात कुठे आहे ते सांगतं, ० ते १०२३, म्हणजे बरोबर तीच चार स्टेप, तेच ०.१६ मिमी. स्विच लागल्यावर तिथेच शून्य न धरता पुढे हळू सरकत जायचं आणि एमएस-काउंट शून्य होईल तिथे होम धरायचा. स्विच ०.०२ ने मागेपुढे झाला तरी तो त्याच चक्रात पडतो, त्यामुळे होम दर वेळी मोटरच्या त्याच अवस्थेवर येतो. अट एकच, स्विच चक्राच्या सीमेजवळ लागता कामा नये, नाहीतर कधी या चक्रात कधी त्या चक्रात असं होऊन सरळ ०.१६ चा फरक पडेल. म्हणून स्विच लागताना एमएस-काउंट किती ते बघितलं, ९४० आलं, सीमेच्या फार जवळ, ०.०१३ मिमीवर. स्विचची पट्टी सैल करून थोडी सरकवली आणि परत घट्ट केली, तीनदा करावं लागलं, आता ५०० च्या आसपास.

परत पाच वेळा होमिंग, डायलची सुई पाचही वेळा त्याच रेघेवर.

२७ फेब्रुवारी

बंद करताना पोझिशन मेमरीत लिहून ठेवावी का, यावर बराच विचार केला. सुरू होताना चिप चक्राच्या सुरुवातीपासून करंट देते, त्यामुळे रोटर दोन स्टेपपर्यंत, म्हणजे ०.०८ मिमी, कुठल्याही बाजूला झटका खाऊ शकतो. बंद करण्याआधी एमएस-काउंट शून्य असेल तिथे टेबल नेऊन ठेवलं तर हा झटका बसत नाही, ते केलंय, पार्क नावाचं बटण. पण मोटरला करंट नसताना टेबलाला कोणाचा धक्का लागला तर ते कळणार नाही, म्हणून साठवलेला आकडा स्क्रीनवर दाखवत नाही. सुरू केल्यावर रेघा, मग होमिंग, मग आकडा.

पुढचं काम, मोटरच्या मागच्या शाफ्टला एन्कोडर (शाफ्ट किती फिरला ते मोजणारा सेन्सर). चिपला त्याच्यासाठी वेगळं रजिस्टर आहे, एक्स-एन्क, ते मोजेल ते रोटर प्रत्यक्षात फिरला तेवढंच. स्क्रीनवर दुसऱ्या ओळीची जागा रिकामी ठेवलीये.